घरच्या घरी हॅलोवीन बर्गर : पहिल्यांदाच करू पाहणाऱ्या नागपूरकरांसाठी

३१ ऑक्टोबरच्या हॅलोवीनशी बर्गरचा परंपरेने काहीही संबंध नाही. १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची ही आदली संध्याकाळ असून तिची मुळे आयर्लंड-स्कॉटलंडकडील जुन्या सुगीच्या सणात आहेत. तिकडे पूर्वी सलगमावर चेहरे कोरले जात. तेथील लोक अमेरिकेत गेल्यावर सलगमाची जागा मोठ्या, नारिंगी भोपळ्याने घेतली. मुलांच्या मेळाव्यात भुताच्या चेहऱ्याचे बर्गर वाढणे ही त्यानंतरची, निव्वळ मौजेची प्रथा आहे, त्यामुळे आपण त्यात आपल्या सोयीने हवे ते बदल केले तरी कोणाचे काही बिघडत नाही.

आमच्या गृहसंकुलातील पंधरा-सोळा मुलांसाठी मी चार वर्षांपासून हे बर्गर करीत आले आहे. पहिल्या वर्षी चीजच्या चकत्यांवर मोठ्या हौसेने डोळे आणि दात कोरले, त्या गरम पॅटीवर ठेवल्या आणि वर झाकण घातले. पाच मिनिटांनी झाकण काढले तेव्हा सगळे चेहरे वितळून सपाट झाले होते. दुसऱ्या वर्षी भोपळ्याच्या पाण्याने बनची कणीक पातळ झाली. पुढे ध्यानात आले की या पदार्थात जे जे बिघडते ते बहुतेक वेळा पाणी किंवा उष्णता चुकीच्या क्षणी चुकीच्या ठिकाणी पोहोचल्याने बिघडते. खालील पायऱ्यांचा क्रम मी याच अनुभवावरून लावला आहे.

१. कोणासाठी आणि किती, हे आधी ठरवा

एका लहान मुलाला एक बर्गर पुरतो. मोठ्यांसाठी दीड धरावा आणि दोन बर्गर जास्तीचे करावेत, कारण निदान एक तरी चेहरा ऐन वेळी मोडतो. पाहुण्यांपैकी कोण अंडे खात नाही, कोण कांदा-लसूण वर्ज्य करतो आणि कोणाला शेंगदाणे किंवा तीळ चालत नाहीत, हे आठवडाभर आधीच विचारून ठेवावे. हा दिवस दिवाळीच्या आगेमागे येतो. २०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले होते. अशा वर्षी फराळाच्या धांदलीत ओव्हन आणि फ्रीज दोन्ही अडकलेले असतात, म्हणून बन दोन दिवस आधी भाजून ठेवण्याची तयारी असावी.

चेहऱ्यांचे प्रकार दोनच निवडावेत. चित्रांत दिसणारे सहा-सात प्रकार एका संध्याकाळी करायला गेलात, तर शेवटचा बर्गर सजेपर्यंत पहिला थंडगार झालेला असतो.

२. साहित्य आणि साधने

पुढील प्रमाण ८ बर्गरचे आहे.

बनसाठी : मैदा ३०० ग्रॅम, शिजवून निथळलेला लाल भोपळ्याचा गर १२० ग्रॅम, कोमट दूध ८० ते १०० मिलिलिटर, इन्स्टंट यीस्ट ५ ग्रॅम, साखर २५ ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, लोणी ३० ग्रॅम, हळद पाव चमचा.

पॅटीसाठी : उकडलेले बटाटे ४०० ग्रॅम, शिजवलेला राजमा १५० ग्रॅम, किसून पिळलेला लाल भोपळा १०० ग्रॅम, भाजून भरड केलेले पोहे ५० ग्रॅम, आले-लसूण-मिरचीचा ठेचा, सांभार (कोथिंबीर), लिंबू, मीठ आणि अर्धा चमचा सावजी मसाला.

सजावटीसाठी : चीजच्या चकत्या, बिया काढलेले काळे ऑलिव्ह, पनीर, जांभळी कोबी, टोमॅटो, काकडी, बिनअंड्याचे मेयोनीज, बीट, टोमॅटो केचप आणि एक हिरवी ढोबळी मिरची.

साधने : वजनकाटा, लहान टोकदार सुरी, बाटलीचे स्वच्छ झाकण, पांढरा सुती दोरा, लांब लाकडी काड्या, दुधाची धुऊन वाळवलेली पिशवी आणि ओटीजी (विजेवरचा लहान ओव्हन).

भाजीसाठी कॉटन मार्केट किंवा गोकुळपेठेचा बाजार सोयीचा पडतो, तर किराणा आणि बेकिंगचे सामान इतवारीत मिळते. नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईकडून येथे आलेल्यांसाठी एक सूचना. विदर्भात ‘कोहळे’ म्हटले की बहुधा लाल भोपळाच पुढे येतो, आणि ‘सांभार’ म्हणजे कोथिंबीर. याउलट दृष्ट लागू नये म्हणून दारावर बांधतात तो पांढरा कोहळा वेगळा. त्याचा गर पाणचट आणि रंगहीन असतो, त्यामुळे तो येथे मुळीच उपयोगाचा नाही. भोपळा अख्खा न घेता कापलेली फोड घ्यावी, म्हणजे गराचा रंग दिसतो. तो गर्द केशरी असेल तरच बनला रंग चढतो.

३. भोपळ्याच्या आकाराचा बन

या लेखातील सर्वांत कष्टाचा आणि सर्वांत फळ देणारा भाग हाच आहे. वेळ नसेल तर बेकरीतून बन आणून थेट चौथ्या पायरीवर जावे, त्यात कमीपणा नाही. मात्र घरी केलेला हा बन ताटात येताच मुले ज्या तऱ्हेने त्याकडे पाहतात, त्यासाठी मी दर वर्षी हा खटाटोप करते.

भोपळ्याच्या फोडी पाण्यात उकडू नयेत. कुकरच्या डब्यात पाणी न घालता दोन शिट्ट्या द्याव्यात, गर कुस्करावा आणि पातळ फडक्यात बांधून अर्धा तास टांगून ठेवावा. त्यातून निघणारे पाणी पाहून आश्चर्य वाटेल. हे पाणी कणकेत गेले असते तर ती हाताला चिकटत राहिली असती आणि ती सावरण्यासाठी आपण मूठमूठ मैदा वाढवत गेलो असतो. बन दगडासारखे होण्याचे नेहमीचे कारण हेच. १२० ग्रॅम हे वजन गर निथळल्यानंतरचे आहे.

मैदा, यीस्ट, साखर, हळद आणि मीठ एकत्र करून त्यात गर मिसळावा, मग दूध थोडे थोडे घालावे. सगळे दूध लागेलच असे नाही, कारण प्रत्येक भोपळ्याचा ओलेपणा निराळा असतो. दूध बोटाला सुखद वाटेल इतपतच कोमट हवे, कारण कढत दुधात यीस्ट मरते आणि मग कणीक कितीही वेळ ठेवली तरी फुगत नाही. कणीक एकजीव झाल्यावर लोणी घालून दहा ते बारा मिनिटे मळावी. आरंभी ती चिकट वाटेल, पण मळता मळता गुळगुळीत होते. त्या आधीच कोरडा मैदा घालण्याचा मोह आवरावा.

नागपुरात ऑक्टोबरअखेर दुपारी अजून बऱ्यापैकी उष्मा असतो, त्यामुळे झाकून ठेवलेली कणीक तासाभरात दुप्पट होते. इंग्रजी पाककृतींत दिलेला दीड-दोन तासांचा वेळ थंड देशांतील स्वयंपाकघरांचा असतो. घड्याळापेक्षा कणकेवर लक्ष ठेवावे. रात्री भिजवणार असाल तर वेळ थोडा वाढतो.

फुगलेल्या कणकेचे साधारण ७० ग्रॅमचे आठ गोळे करावेत. सुती दोऱ्याचे एक हाताचे तुकडे तेलात बुडवून घ्यावेत. एका गोळ्याला चार तुकडे लागतात. ते एकमेकांवर चांदणीसारखे ठेवून मध्यभागी गोळा ठेवावा आणि दोऱ्यांची टोके वर आणून सैल गाठ मारावी, म्हणजे गोळ्याचे आठ भाग दिसू लागतात. गाठ सैलच हवी. गोळा अजून फुगणार असतो आणि घट्ट दोरा कणकेत रुतून बसला की भाजल्यावर तो काढताना बनचे तुकडे होतात. देवपूजेचा लाल-पिवळा धागा वापरू नये, त्याचा रंग बनला लागतो. नायलॉनचा दोरा तर ओव्हनमध्ये वितळतो. घरात संक्रांतीचा जुना मांजा सापडला, तरी त्याच्या वाटेला जाऊ नये.

गोळे पुन्हा अर्धा तास झाकून ठेवावेत, वरून दुधाचा हात फिरवावा आणि आधी दहा मिनिटे तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंश सेल्सिअसवर १८ ते २० मिनिटे भाजावेत. लहान ओटीजीत मागच्या बाजूला आच जास्त लागते, म्हणून बारा मिनिटांनी ताट फिरवावे. बन कोमट झाले की दोरे कापून सावकाश ओढून काढावेत आणि मोजावेत. आठ बनांचे बत्तीस दोरे हाती आल्याखेरीज पुढचे काम सुरू करू नये. ढोबळी मिरचीचे लहान तुकडे देठ म्हणून वर खोचायचे असतात, पण ते अगदी शेवटी.

४. पॅटी

अमेरिकी पाककृतींतील पॅटी गोमांसाच्या चरबीयुक्त खिम्यावर बेतलेली असते आणि ती चरबीच मिश्रणाला ओलावा आणि चव देते. आपण बटाटा-राजमा वापरतो तेव्हा अडचण उलट असते. ओलावा भरपूर असतो आणि तो बांधून ठेवणारे काही नसते.

राजमा रात्रभर भिजवावा, ते पाणी टाकून द्यावे आणि ताज्या पाण्यात पूर्ण मऊ होईपर्यंत कुकरमध्ये शिजवावा. अर्धकच्च्या राजम्यातील नैसर्गिक विषारी द्रव्यामुळे उलट्या आणि जुलाब होऊ शकतात, म्हणून दाणा बोटांत सहज चिरडला गेला पाहिजे. बटाटे उकडून पूर्ण गार होऊ द्यावेत, शक्य असल्यास आदल्या दिवशीच उकडून फ्रीजमध्ये ठेवावेत, कारण गरम बटाटा कुस्करला की चिकट होतो. किसलेल्या भोपळ्याला मीठ चोळून दहा मिनिटांनी मुठीत घट्ट पिळावे. मग सर्व साहित्य एकत्र करून त्यात पोह्यांची भरड मिसळावी. ती पाणी शोषून घेते आणि पावाच्या चुऱ्यापेक्षा मला चवीलाही सरस वाटते. सावजी मसाला अर्ध्या चमच्यावर नेऊ नये. मोठ्यांना कमी वाटेल, पण हा खाऊ मुलांचा आहे, आणि मोठ्यांसाठी झणझणीत सॉस वेगळा ठेवता येतो.

मिश्रणाचे साधारण ९० ग्रॅमचे आठ गोळे करून ते बनपेक्षा किंचित मोठे आणि दीड सेंटिमीटर जाड थापावेत. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग मध्यम आचेवर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी चार-चार मिनिटे परतावेत. पहिली बाजू पुरती खरपूस होण्याआधी उलटू नये, त्याच क्षणी पॅटी मोडते.

चिकनच्या करायच्या असतील तर खिमा तंगडीच्या मांसाचा मागावा, छातीचा कोरडा पडतो. तव्यावर चिकन आकसते, म्हणून पॅटी बनपेक्षा निदान एक सेंटिमीटर मोठी थापावी. आतले तापमान ७४ अंश सेल्सिअसपर्यंत पोहोचले पाहिजे, आणि त्यासाठी स्वयंपाकाचा थर्मामीटर असणे उत्तम.

५. ‘रक्ता’चा सॉस आणि चेटकिणीचे केस

नुसते केचप भडक आणि गोड दिसते. एक वाटी केचपमध्ये तीन-चार चमचे बिटाचा रस, एक चमचा व्हिनेगर आणि थोडे काश्मिरी तिखट घालून मंद आचेवर पाच मिनिटे आटवावे. बीट फार वेळ शिजवल्यास त्याचा रंग तपकिरी होतो, तर आंबटपणाने तो लाल टिकतो, म्हणून व्हिनेगर गाळू नये. सॉसचा थेंब बशीवर टाकून बशी तिरपी करावी. तो पाण्यासारखा न पळता सावकाश ओघळला, तर बर्गरच्या कडेवरही तसाच ओघळेल.

जांभळी कोबी अगदी बारीक चिरली की केसांसारखी दिसते. तिच्यातील रंगद्रव्य लिंबू पिळल्यास गुलाबी आणि चिमूटभर खाण्याचा सोडा लावल्यास निळसर होते. मुलांना हे समोर करून दाखवावे, त्यांना चेहऱ्यांपेक्षा यातच अधिक रस वाटतो असा माझा अनुभव आहे. सोडा लावलेली कोबी चवीला मात्र साबणासारखी लागते, त्यामुळे ती दाखवण्यापुरतीच ठेवावी.

६. काळ्या रंगाचा मोह

काळे बन चित्रांत फार आकर्षक दिसतात आणि नवख्या माणसाला प्रथम तेच करावेसे वाटतात. त्यांना काळा रंग देण्यासाठी अनेक ठिकाणी सक्रिय कोळशाची भुकटी वापरतात. हा कोळसा पोटातील औषधे स्वतःकडे शोषून घेतो, त्यामुळे त्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. घरात आजी-आजोबा रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेत असतील, तर अशा बनांच्या वाटेला न गेलेले बरे. कृत्रिम रंग भरपूर वापरल्यास दुसऱ्या दिवशी वेगळेच दृश्य दिसते. २०१५ मध्ये बर्गर किंगने अमेरिकेत हॅलोवीनसाठी काळ्या बनचा बर्गर आणला, तेव्हा तो खाणाऱ्यांची शौचे हिरवी होत असल्याची चर्चा जगभर झाली होती.

गडद रंग हवाच असेल तर मैद्यात १५ ग्रॅम कोको मिसळून वरून काळे तीळ दाबावेत, गर्द तपकिरी रंग मिळतो आणि संध्याकाळच्या उजेडात तो काळाच भासतो. विकतचा रंग वापरायचा झाल्यास बंद डबीतील, एफएसएसएआयचा (केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक छापलेलाच घ्यावा. कागदाच्या पुडीत सुटा मिळणारा चमकदार गुलाबी किंवा पिवळा रंग स्वस्त असला तरी घेऊ नये. कापड रंगवण्यासाठी वापरले जाणारे रोडामाइन-बी सारखे पदार्थ खाद्यपदार्थांत मिसळण्यास देशात मनाई आहे आणि सुट्या पुडीत नेमके काय आहे हे दुकानदारालाही सांगता येत नाही.

७. चेहरे

सगळे तुकडे दुपारीच कापून, झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यावर मांडून फ्रीजमध्ये ठेवावेत. चीज थंड असतानाच सुबक कापले जाते.

भोपळ्याचा चेहरा : बनचा वरचा अर्धा भाग घेऊन त्यावर टोकदार सुरीने दोन त्रिकोणी डोळे आणि दातेरी तोंड आरपार कापावे, आणि खाली चीजची चकती ठेवावी, म्हणजे पिवळा उजेड आतून बाहेर येत असल्याचा भास होतो. छिद्रे मनात येतील त्यापेक्षा मोठी ठेवावीत, लहान छिद्रे बनच्या मऊपणामुळे मिटून जातात.

राक्षस : चीजच्या चकतीची एक कड करवतीसारखी कापून ती पॅटीच्या बाहेर लोंबती ठेवावी, हे त्याचे दात. काकडीची लांबट पातळ चकती ही जीभ. बाटलीच्या झाकणाने पनीरच्या पातळ कापातून गोल पाडून त्यावर ऑलिव्हचा तुकडा ठेवला की डोळा तयार होतो, आणि तो लांब काडीने बनवर टोचता येतो. आखूड टूथपिक वापरू नये, ती बनमध्ये दिसेनाशी होते आणि घाईने खाणाऱ्या मुलाच्या टाळूला लागते. काडी वर चार बोटे दिसली पाहिजे.

कोळी : अर्धे ऑलिव्ह म्हणजे धड, उरलेल्या अर्ध्याचे आठ बारीक काप म्हणजे पाय. जाळे हवे असल्यास दुधाच्या पिशवीच्या कोपऱ्याला सुईएवढे छिद्र पाडून कोको-बनवर मेयोनीजची एकात एक वर्तुळे काढावीत आणि काडीच्या टोकाने मध्यापासून बाहेर रेघा ओढाव्यात.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल भागाच्या गल्ल्यांतून काळी-पिवळी मारबत आणि बडगे या अक्राळविक्राळ पुतळ्यांची मिरवणूक पाहत वाढलेली आमची मुले चीजच्या दातांना घाबरत नाहीत. ती दात मोजतात, आणि कमी भरले तर तक्रार करतात.

८. जुळवणी आणि वाढणे

बनचे आतले भाग लोणी लावून तव्यावर कुरकुरीत शेकावेत, म्हणजे सॉसचा ओलावा आत शिरत नाही. त्यानंतर खालचा बन, मेयोनीज, कोरडी पुसलेली टोमॅटोची चकती, पॅटी आणि कोबी असा क्रम ठेवावा. तव्यावरून उतरवलेली पॅटी दोन-तीन मिनिटे जाळीवर ठेवावी आणि मगच तिच्यावर चीज ठेवावे. चीज नुसते मऊ व्हायला हवे, वितळायला नको, म्हणून वर झाकण घालू नये. सॉस कडेवर सर्वांत शेवटी ओतावा. एका वेळी चार बर्गर जुळवून लगेच वाढावेत आणि मग पुढचे चार घ्यावेत.

मेयोनीज लावलेले किंवा चिकनचे बर्गर बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत, गच्चीवर किंवा अंगणात उष्मा ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासातच संपवावेत. जेवण झाल्यावर ताटांतील लाकडी काड्या मोजाव्यात. न वापरलेले बन पूर्ण गार झाल्यावर हवाबंद पिशवीत दोन दिवस टिकतात. उरलेल्या भोपळ्याच्या गरात गव्हाचे पीठ, गूळ आणि वेलची मिसळून दुसऱ्या दिवशी कोहळ्याची बोंडे तळावीत, आणि बिया धुऊन वाळवून मिठासह भाजाव्यात.